झू शींची वाचनपद्धत : काही महिन्यांच्या वापरानंतर

चिनी तत्त्वज्ञ झू शी (११३०–१२००) म्हटलं की बहुतेक जण ‘ली’ (वस्तूंमागचं तत्त्व) आणि ‘छी’ (ज्यातून वस्तू घडतात ते द्रव्य) यांच्या चर्चेत अडकतात. माझ्या मते ते शिक्षक म्हणून त्याहून मोठे. शिष्यांनी टिपलेल्या त्यांच्या संवादांत ‘वाचावं कसं’ यावर दोन अख्खी प्रकरणं आहेत. काही महिने त्याच पद्धतीने वाचल्यावर सांगतो, ती आजही चालते.

क्रम त्यांनीच लावून दिलाय : आधी ‘दाश्वे’ (‘महान विद्या’), मग कन्फ्यूशियसची वचनं, मग त्याच परंपरेतल्या मेन्शियसचा ग्रंथ, शेवटी ‘चुंगयुंग’ (‘मध्यम मार्ग’). हे कन्फ्यूशियन परंपरेतले चार ग्रंथ. हा क्रम मोडू नये. ‘चुंगयुंग’ पहिल्याच वाक्यात स्वर्ग आणि मनुष्यस्वभावावर जातं. तिथून सुरुवात केली तर सगळं अधांतरी राहतं. ‘दाश्वे’चा मूळ भाग जेमतेम २०५ चिनी अक्षरांचा, म्हणून झेपतो.

दोनशे अक्षरं वाचायची कुवत असेल तर शंभरच वाचा, असं ते सांगत. भाषांतरात चार-पाच ओळी पुरेत. शब्द आपल्याच तोंडचे वाटेपर्यंत मोठ्याने वाचायचं, मग आशय आपल्याच मनातला वाटेपर्यंत विचार करायचा. टीका, म्हणजे भाष्यकारांचं विवरण, त्यानंतर. ती आधी उघडली की मूळ ओळ दिसतच नाही, आणि बहुतेकांचं इथेच फसतं.

याचा फायदा ‘दाश्वे’तच कळतो. राज्य, घर, स्वतः, मन, हेतू, ज्ञान अशी साखळी उतरत उतरत वस्तूंच्या शोधापर्यंत येते. भरभर वाचलं तर खटकत नाही. सावकाश वाचलं की जाणवतं, पुढे हेतूपासून वरच्या पायऱ्यांचं विवरण आहे, ज्ञान आणि वस्तूंचा शोध या शेवटच्या दोन पायऱ्यांचंच नाही. तो मजकूर हरवलाय असं मानून झू शींनी स्वतः १३४ अक्षरं लिहून जोडली. शंका येत नसेल तर यायला शिकवावं, हे त्यांचं म्हणणं असं कामाला येतं.

नंतरच्या काळातले चिनी विचारवंत वांग यांगमिंग झू शींचा ‘वस्तूंचा शोध’ करून पाहायला सात दिवस बांबूकडे बघत बसले आणि आजारी पडले, हा दाखला पद्धतीविरुद्ध देतात. मला तो पटत नाही. झू शी एका वस्तूत सगळं शोधा म्हणत नाहीत. जे कळलंय तिथून पुढे, एकेक करत, दीर्घकाळ जा म्हणतात.

कादंबरी किंवा वर्तमानपत्राला ही पद्धत निरुपयोगी. घोकंपट्टीची भीती मात्र खरी आहे : १३१३ पासून या ग्रंथांवरच्या त्यांच्या टीका चीनमधल्या सरकारी नोकरीच्या परीक्षेला लागल्या आणि १९०५ पर्यंत पाठ केल्या गेल्या. त्यावर उपायही त्यांचाच, मुदत सैल ठेवायची आणि रोजचा नेम कडक. अमुक तारखेला पुस्तक संपवायचंच असेल, तर याच्या वाटेला जाऊ नका.