वेरूळचा फोटो भिंतीवर लावायचाय: कॅनव्हास घ्यावा की कॉटन पेपर?

कैलास लेण्याचा मनासारखा फोटो मिळाला आणि तो मोठा करून हॉलमध्ये लावायचं ठरलं, की हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगतो. दगडावरचे छिन्नीचे घाव दिसायला हवे असतील तर काचेच्या फ्रेममधला कॉटन पेपर, म्हणजे कापसाच्या तंतूंचा कागद घ्या. कॅनव्हासच्या विणीत ते बुजतात.

मात्र त्यासाठी फाईल तशी हवी. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल असतात. ३६ इंच रुंद प्रिंट काढली तर इंचाला साधारण १६७ पिक्सेल येतात. चार-पाच फुटांवरून बघायच्या कॅनव्हासला तेवढे चालतात. पेपर लोक जवळ जाऊन बघतात, त्याला ३०० हवेत, म्हणजे त्याच फाईलमधून २० इंचांचीच प्रिंट.

पेपरची खरी परीक्षा फ्रेमवाल्याकडे होते. प्रिंट काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच. टेकली तर पावसाळ्यात दमटपणाने चिकटते आणि सोडवताना शाईचा थर निघून येतो. मागे साधा हार्डबोर्ड ठोकला की त्यातलं आम्ल कागदात उतरतं, कडा पिवळ्या पडतात. माउंट आणि मागचा बोर्ड, दोन्ही ॲसिड-फ्री मागून घ्या. सेलोटेप, फेव्हिकॉल नकोच. प्रिंट मागच्या बोर्डला धरून ठेवायला वरच्या कडेला कागदी पट्ट्यांचे दोन सांधे पुरतात.

कॅनव्हासला काच नाही, म्हणून वजन कमी आणि समोरच्या खिडकीची चमकही नाही. सोफ्यामागच्या मोठ्या भिंतीला तोच शोभतो. पण आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ थेट विणीत बसते, त्यामुळे वार्निशचा हात हवाच. हवामान बदललं की कापड सैल पडू शकतं. चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतील तर त्या हलकेच ठोकून पुन्हा ताणता येतं.

शाई दोन्हीकडे पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक घन कण असलेलीच घ्या, विरघळलेल्या रंगाची डाय शाई उजेडात लवकर विटते. अजिंठ्यातला गेरूचा लाल दीड हजार वर्षांनंतरही दिसतो, कारण तो खनिज रंग आहे आणि लेण्यात ऊन फारसं पोचत नाही. पिगमेंट असलं तरी भिंत पश्चिमेच्या उन्हाची नको.

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मला फार आवडतो. त्यावर छापायचं मनात असेल तर इंकजेटचा लेप आहे का ते विचारा. नसेल तर शाई पसरते, काळा रंग फिका येतो. आधी लहान तुकड्यावर चाचणी प्रिंट काढून बघा.