रामेश्वर यात्रेतली धनुष्कोडी फेरी: व्हॅनवाल्याला पूर्ण गुण, यात्रा कंपनीला निम्मे

लातूरहून दक्षिणेच्या यात्रेच्या बस सुटतात. तिरुपती, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी करून परत येतात. यंदाच्या जानेवारीत अशाच एका यात्रेनं मी, बायको आणि आई जाऊन आलो. दर्शनाची रांग, मुक्कामाच्या खोल्या, आचाऱ्याच्या हातचं पिठलं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त रामेश्वरच्या पुढं, बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडी या उद्ध्वस्त गावाच्या फेरीबद्दल लिहितो. आपल्या भागातली हजारो माणसं दरवर्षी तिथं जातात, आणि बहुतेकांना ती जागा नीट दाखवलीच जात नाही.

यात्रेच्या पत्रकात छापलं होतं: "धनुष्कोडी (भुताचं गाव)". बसमध्ये मॅनेजरनं माइकवर तेच सांगितलं. आता आपण भुताचं गाव बघायला चाललोय, अंधार पडायच्या आत सगळ्यांनी गाडीत यायचं, रात्री तिथं रेल्वेची शिट्टी ऐकू येते. पोरं हसली, एकदोघींनी पदर सावरला. माहिती म्हणून एवढंच. साल नाही, कारण नाही, कोण मेलं ते नाही. एवढ्या पैशात एवढी तरी अपेक्षा धरायला हरकत नसावी.

मोठी बस रामेश्वरलाच उभी ठेवली आणि पुढं स्थानिक व्हॅन ठरवून दिल्या. माणशी २०० रुपये वेगळे द्यावे लागले. हे आधी सांगितलं नव्हतं, त्याचे गुण कापले. पण पैसे वसूल झाले ते या व्हॅनवाल्यामुळंच. पन्नाशीचा माणूस, मोडकंतोडकं हिंदी. रामेश्वरपासून धनुष्कोडी वीसेक किलोमीटर आहे. २०१७ पर्यंत शेवटचा टप्पा वाळूतूनच जीपनं करावा लागायचा. आता अरिचलमुनैच्या टोकापर्यंत डांबरी सडक आहे. दोन्ही बाजूंना पाणी. डावीकडं बंगालच्या उपसागराचा पाल्कचा भाग, उजवीकडं मन्नारचं आखात. एका बाजूचं पाणी निवांत, दुसऱ्या बाजूचं सारखं आपटत असतं. मधल्या पट्टीची रुंदी बघितली की बांधकामातल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. इथं गाव वसवलं होतं?

वसवलं होतं, आणि चांगलं भरलेलं गाव होतं. स्टेशन, पोस्ट, कस्टम्सची कचेरी, शाळा, चर्च, बंदर. मद्रासहून निघालेली बोट मेल ही रेल्वेगाडी इथवर यायची, प्रवासी आगबोटीनं तलैमन्नारला उतरायचे आणि तिथून कोलंबोची गाडी धरायचे. श्रीलंका इथून पंचवीस-तीस किलोमीटरच. हे सगळं व्हॅनवाल्यानं गाडी चालवता चालवता सांगितलं, आणि भुताचा शब्दही काढला नाही.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. हे वादळ उभं घर पाडतं ते एकट्या वाऱ्यानं नाही. वारा समुद्राचं पाणी ढकलत आणतो आणि सखल जमिनीवर चढवतो. इथं तर दोन्ही बाजूंना समुद्र आणि मध्ये वाळू, पाण्याला अडवणारं काहीच नाही. वीस फुटांहून उंच लाटा गावावरून गेल्या. त्याच वेळी रामेश्वर बेटावरच्या पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ आली होती. आत शंभराहून जास्त माणसं. पूर्ण गाडी गेली, कुणी वाचलं नाही. ती गेल्याची खबर बाहेर पोचायलाच दोन दिवस लागले. पुढं सरकारनं गाव राहण्यालायक नाही म्हणून जाहीर केलं.

आमच्या व्हॅनमध्ये सास्तूरच्या एक आजी होत्या. मी औशाचा. १९९३ साली किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला तेव्हा मी पोरगा होतो, आणि पुढची काही वर्षं वडिलांच्या हाताखाली पुनर्वसनाच्या घरांवर काम केलं. माझं गवंडीकाम तिथंच सुरू झालं. व्हॅनवाल्याचं बोलणं मी आजींना मराठीत सांगत होतो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे बी रातीचंच झालं का?" मी हो म्हणालो. मग म्हणाल्या, "आन् मुडदे कुणी उचलले?" मी तसंच हिंदीत विचारलं. त्यानं गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि आजींकडं वळून उत्तर दिलं. किती तरी जण सापडलेच नाहीत, समुद्रानं नेले. आम्ही कुठले ते त्यानं तेव्हा विचारलं. लातूर म्हटल्यावर त्यानं स्टिअरिंगवरचा हात उचलून आडवा हलवला, जमीन हलते तसा. त्याला माहीत होतं.

त्यानंतर त्या माणसानं आम्हाला पाव्हण्यासारखं फिरवलं, असं मी म्हणेन.

चर्चपाशी बाकीच्या व्हॅनमधली माणसं फोटो काढून पाच मिनिटांत परत फिरली. माझा पाय तिथून निघेना. भिंती उभ्या आहेत, छप्पर गेलंय, आत वाळू. वेदीचा चौथरा ओळखू येतो. बांधकाम आहे प्रवाळाच्या दगडाचं. मी आयुष्यभर काळा दगड हाताळलाय, हा दगड पहिल्यांदाच बघितला. जवळ जाऊन बघा, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक घरं असतात, कुठं चांदणीचा आकार, कुठं नागमोडी रेघा. समुद्रातल्या जिवांनी बांधलेला दगड, माणसानं काढून चर्चला लावलेला. दरजांमधला चुना खाऱ्या वाऱ्यानं खाल्लाय. बोट घातलं की पहिलं पेर आत जातं आणि पीठ खाली सांडतं. म्हणून हात लावू नका, हे मी कळकळीनं सांगतो. तिथं लोक भिंतीवर चढून रील काढत होते. एकाला मी खाली उतरवलं. त्याच्या तोंडावर राग दिसला, दिसू दे. भिंत वरून सुटत चाललीय, खालून पोकळ झालीय. माणूस वर चढला तर एक दिवस भिंतही जाईल आणि माणूसही.

किल्लारीला आपल्याला मारलं ते अशाच जाड भिंतींनी. माळवदाची घरं. दीड-दोन हात रुंद भिंत, बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मध्ये दगडगोट्यांचा भराव, सगळं मातीत बांधलेलं. दोन्ही थरांना एकत्र धरणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. वर तुळया, किलचण (आडव्या लाकडी पट्ट्या) आणि त्यावर हातभर माती. उन्हाळ्यात गार, पावसात घट्ट, पिढ्यान् पिढ्या चाललेलं घर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. धनुष्कोडीच्या त्या भिंतीपाशी उभा राहून मी हे आमच्या व्हॅनमधल्या दोन पोरांना सांगितलं. मघाशी भूत भूत करत होती ती पोरं. कुणी न सांगता त्यांनी मोबाइल खिशात टाकले आणि मला विचारलं, काका, आपलं घर कसं ओळखायचं? मी म्हटलं, बांधताना लिंटलपाशी, म्हणजे दार-खिडकीच्या वर, चारही भिंतींना एकसलग काँक्रीटचा पट्टा आहे का ते बघा, दगडी घर असेल तर आरपार दगड आहेत का ते बघा.

माझा मुलगा मोबाइलवर जगातल्या भकास जागांचे व्हिडिओ बघतो. चेर्नोबिलजवळचं प्रिप्यात, नामिबियातलं वाळूनं भरलेलं कोलमन्सकोप, जपानचं हाशिमा बेट. त्यात धनुष्कोडीही येतं. पण प्रिप्यातच्या लोकांना २७ एप्रिल १९८६ ला बसमध्ये घालून बाहेर काढलं. हाशिमाची कोळशाची खाण १९७४ ला बंद झाली आणि माणसं बोटीत बसून गेली. कोलमन्सकोपला हिऱ्यांचा धंदा संपला. तिथल्या लोकांना सामान बांधायला थोडा तरी वेळ मिळाला. धनुष्कोडीला तो मिळाला नाही, किल्लारीलाही नाही. एकाच यादीत सगळ्या जागा टाकल्या की हा फरक बुजतो, आणि यात्रा कंपनीचा माइक तो आणखीच बुजवतो.

गाव मेलंय असं म्हणतात तेही पूर्ण खरं नाही. कोळ्यांची घरं आहेत तिथं, झावळ्यांची. चर्चच्या मागं व्हॅनवाला आम्हाला घेऊन गेला तेव्हा एक बाई वाळूत खड्डा उकरून बसली होती. कमरेएवढाही नसेल. तळाशी पाणी झिरपत होतं. ती वाटीनं ते काढून कळशीत ओतायची, थांबायची, पुन्हा काढायची. दोन्हीकडं खारा समुद्र आणि मध्ये हे पाणी. आईनं ओंजळ पुढं केली, बाईनं वाटीभर दिलं. गोड पाणी. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यानं खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. खड्डा खोल नेला तर खारंच लागतं, म्हणून उथळच ठेवायचा. आमच्याकडं हजार फूट बोअर मारून कोरडी निघते. आई त्या बाईकडं कितीतरी वेळ बघत होती. तिच्याकडनं आम्ही शंखांच्या माळा घेतल्या. भाव करू नका, एवढीच विनंती.

अरिचलमुनैच्या टोकाला अशोकस्तंभ आहे. तिथं गर्दी, भजी, नारळपाणी. काशी-रामेश्वर करणारे इथली सेतूची वाळू काशीला न्यायला घेतात. आजींनीही चिमूटभर पुरचुंडीत बांधली. आंघोळ करायची असेल तर निवांत बाजूलाच करा. दुसऱ्या बाजूचा ओढा फसवा आहे.

मॅनेजरनं आम्हाला दुपारी तीनला सोडलं आणि पावणेपाचला परत बोलावलं. संध्याकाळी पोलीस रस्ता बंद करतात, ते बरोबरच आहे. मग सकाळी का नेत नाहीत? कारण सकाळी बावीस कुंडांच्या आंघोळी आणि दर्शन, आणि धनुष्कोडी उरल्यासुरल्या वेळात. आमच्या व्हॅनवाल्यानं स्टेशनच्या अवशेषांपाशी थांबायला पंधरा मिनिटं जास्त दिली, तर त्याला फोनवर बोलणी खावी लागली. त्या बोलण्याचे गुणही मी यात्रा कंपनीचेच कापतो.

येताना बसमधून पांबनचे पूल दिसतात. जुना रेल्वेपूल १९१४ चा. १९६४ च्या त्याच वादळानं त्याचे गर्डर वाहून नेले होते आणि रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत परत उभा केला होता. एप्रिल २०२५ पासून शेजारच्या नव्या पुलावरून गाड्या जातात. त्याचा मधला भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. मॅनेजर त्या वेळी अंताक्षरी घेत होता. बसभर चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी भूकंप बघितलेली. पूल परत उभा राहिल्याची गोष्ट त्यांना आवडली असती.

गुण द्यायचे तर व्हॅनफेरीला पाचपैकी पाच. यात्रा कंपनीला जेवणाचे आणि स्वच्छ खोल्यांचे मिळून अडीच. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या: धनुष्कोडीला सकाळी नेणार का, व्हॅनचे पैसे धरलेत की वेगळे, आणि चर्च व स्टेशनपाशी किती वेळ थांबणार. सकाळी नेत नसतील तर रामेश्वरला एक दिवस जास्त राहून स्वतः व्हॅन करा. म्हाताऱ्या माणसांना चप्पल पट्ट्याची घाला, वाळूत साधी चप्पल निघून येते. डोक्याला उपरणं हवंच. चर्चपाशी सावली नाही. पत्रकात "भुताचं गाव" छापलेलं दिसलं तर ते काढा म्हणून कंपनीला सांगा. मी लेखी दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही, पण दहाजणांनी दिलं तर पुढच्या छपाईत बदलतील.