टस्कनीत आल्फा स्पायडर की स्कॉटलंडमध्ये एमजीबी: दोघांच्या सहलीसाठी तुलना

छत उघडता येणारी जुनी मोटार भाड्याने घ्यायची आणि परदेशात आठ-दहा दिवस दोघांनीच हिंडायचे, असे ज्यांचे ठरले आहे त्यांच्यासाठी दोन पर्याय विशेष विचारात घेण्याजोगे आहेत: इटलीच्या टस्कनी प्रांतात आल्फा रोमिओ स्पायडर, किंवा स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ भागात एमजीबी. छायाचित्रांत दोन्ही सारख्याच मोहक दिसतात, त्यामुळे त्यांवरून काही ठरत नाही. गाडी कोण चालवणार आहे आणि शेजारी बसणाऱ्याचा दिवस कसा जाणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे घरीच मिळवली, तर निवड बरीचशी आपोआप होते.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले आहे, आणि आपल्या जुन्या अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे इंजिनही त्याच घराण्यातले. त्यामुळे ज्यांच्या घरी अँबॅसिडर होती त्यांना एमजीबीच्या बॉनेटखाली फारसे परके काही दिसणार नाही. सकाळी चोक ओढायचा, इंजिन धडधडत सुरू झाले की थोडा आत ढकलायचा आणि मैल-दोन मैल गेल्यावर पूर्ण बंद करायचा, एवढे सोपस्कार पुरतात. गिअर चारच आहेत, मात्र पुष्कळ गाड्यांना ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड) बसवलेला असतो, आणि लांबच्या सरळ रस्त्यावर तो असल्याने इंजिनाचा आवाज इतका उतरतो की गाडी ठरवण्यापूर्वी त्याची चौकशी अवश्य करावी.

आल्फा स्पायडर १९६६ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. तिची घडण पिनिनफारिना या इटालियन रचनाकार कंपनीची. सुरुवातीच्या गाड्यांची शेपटी गोलसर होती, १९७० पासून ती सरळ कापल्यासारखी झाली, आणि थोड्याफार फरकाने ही गाडी १९९० च्या दशकापर्यंत निघत राहिली. यांत्रिकदृष्ट्या ती एमजीबीपेक्षा सरस आहे, याबद्दल फारसा वाद नाही: अ‍ॅल्युमिनियमचे दोन कॅमशाफ्टचे इंजिन, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. पण ती लाडावलेली गाडी आहे. तेल गरम होईपर्यंत इंजिन ताणू नये, आणि थंड असताना दुसरा गिअर घाईने टाकला तर तो खरखरून निषेध नोंदवतो. बसण्याची पद्धतही खास इटालियन आहे. स्टिअरिंग दूर आणि पेडल जवळ, म्हणजे हात लांब आणि पाय आखूड असणाऱ्यांसाठीच ती घडवली असावी. उंच माणसाने दिवसभरासाठी गाडी घेण्यापूर्वी एकदा बसून पाहावे.

दोन्ही गाड्यांच्या छताबद्दल मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि सहलीचे सुख अर्धेअधिक त्यावरच अवलंबून असते. स्पायडरचे छत बसल्या जागेवरून एका हाताने मागून पुढे ओढता येते, काचेच्या चौकटीला दोन खिट्या लावल्या की काम झाले. एमजीबीचे छत त्या मानाने कष्टाचे आहे. गाडी थांबवून उतरावे लागते, सांगाडा उभा करून कापड ताणून बसवावे लागते, कडेची बटणे एकेक करून दाबावी लागतात, आणि काही गाड्यांत तर सांगाडा व कापड दोन्ही डिकीतून काढून जोडावे लागतात. गंमत अशी की जिथे छत वारंवार लावावे लागते तिथेच हे कष्टाचे छत तुमच्या वाट्याला येते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मे महिन्यातही दिवसातून दोन-तीन सरी येऊ शकतात. दोघांनी मिळून छत लावण्याचा सराव पहिल्याच दिवशी, कोरड्या जागी करून घ्यावा.

आता चालवण्याकडे वळू. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, वाहतूक डावीकडून असते आणि स्टिअरिंग आपल्यासारखेच उजवीकडे. इटलीत भारतीय परवान्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून नमुना ४-अ भरून १००० रुपयांत मिळतो आणि एक वर्ष चालतो. कागदाचा प्रश्न किरकोळ आहे, प्रश्न हातांचा आहे. उजव्या हाताने गिअर बदलत रस्त्याच्या उजव्या बाजूने जाणे एखाद्या नव्या गाडीत दिवसभरात अंगवळणी पडते. परंतु पॉवर स्टिअरिंग, एबीएस आणि एअरबॅग यांपैकी काहीच नसलेली पन्नास वर्षांची गाडी आणि उलटी वाहतूक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकणे हे अनुभवी चालकालाही पहिले दोन दिवस थकवते. ज्यांनी युरोपात किंवा अमेरिकेत पूर्वी गाडी चालवली आहे, त्यांच्यासाठी हा मुद्दा गळून पडतो.

याचा अर्थ स्कॉटलंडचे रस्ते सोपे आहेत असा नव्हे. इन्व्हर्नेसहून निघून उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा सुमारे ५०० मैलांचा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग २०१५ पासून फार गाजला आहे, आणि त्याचा मोठा भाग एकेरी रुंदीचा आहे. समोरून गाडी आली की ठराविक अंतरावर असलेल्या रुंद जागेत थांबावे लागते. ती जागा डावीकडे असेल तर आत शिरायचे, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचे. मागून घाईची गाडी आली तर तिलाही असेच पुढे जाऊ द्यायचे. अ‍ॅपलक्रॉसकडे जाणारा बेलाख ना बा हा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो, आणि नवशिक्यांनी व मोठ्या वाहनांनी इकडून जाऊ नये अशी पाटी त्याच्या पायथ्याशीच आहे. वरंधा किंवा आंबोली ज्यांनी पावसाळ्यात चालवली आहे त्यांना वळणांची भीती वाटणार नाही, पण जुन्या गाडीचे ब्रेक उतारावर तापतात, हे ध्यानात ठेवून खालच्या गिअरमध्येच उतरावे.

टस्कनीत रस्ते त्या मानाने रुंद आणि वळणे सौम्य आहेत. फ्लॉरेन्सहून सिएनाकडे किआंतीच्या द्राक्षमळ्यांतून जाणारा एसआर २२२ हा रस्ता, आणि सिएनाच्या दक्षिणेला २००४ साली जागतिक वारसा ठरलेले वाल दोर्चाचे खोरे, एवढ्यावर आठवडा सहज जातो. तिथला धोका वेगळा आहे. जुन्या गावांच्या पोटात झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. पाटी न पाहता आत शिरलात की कॅमेरा नोंद करतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते. म्हणून गाडी वेशीबाहेरच्या वाहनतळावर उभी करावी आणि फ्लॉरेन्समध्ये ती नेऊच नये. सायप्रस वृक्षांच्या रांगांमधून जाणारे पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते फार खुणावतात, पण अनेक भाडेकरारांत त्यांवर जाण्यास मनाई असते. करार आधी वाचावा.

शेजारी बसणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर टस्कनीचे पारडे जड होते. अंतरे लहान, दर तासाभराने उतरून पाहावे असे गाव, आणि शाकाहारी माणसाला पिची (हाताने वळलेला जाडसर पास्ता), रिबोलिता (भाज्या-पावाचे दाट सूप), टोमॅटो-पावाची पाप्पा असे पोटभर खायला मिळते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो, उघड्या गाडीत दुपारी बसवत नाही, आणि छत लावले तर एसी नाही. म्हणून मे किंवा सप्टेंबरअखेर हेच दिवस धरावेत. स्कॉटलंडमध्ये शेजारच्याला काम असते: रुंद जागा हेरायच्या, नकाशा पाहायचा, पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरायची आठवण द्यायची. ज्याला हे आवडते त्याला ते फार आवडते. मासे खाणाऱ्यांसाठी पश्चिम किनाऱ्यावरची लांब नांग्यांची कोळंबी हे वेगळे निमित्त आहे. जून ते ऑगस्टमध्ये मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा त्रास मोठा असतो, तेव्हा इथेही मे महिनाच उत्तम.

दारूच्या मर्यादेबाबत दोन्हीकडे सारखेच कडक आहे. स्कॉटलंडची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कमी करून बहुतेक युरोपाच्या बरोबरीला आणली आहे. द्राक्षमळा असो वा व्हिस्कीची भट्टी, चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा.

खर्चात एक फरक सहसा लक्षात येत नाही. टस्कनीत आगगाडीने फ्लॉरेन्स आणि सिएना पाहून जुनी गाडी केवळ तीन-चार दिवस घेता येते. स्कॉटलंडच्या वायव्येत गाडीवाचून हिंडणे कठीण, म्हणून ती संपूर्ण सहलीसाठी लागते. दोघेही चालवणार असतील आणि वाट हीच सहल असे त्यांना वाटत असेल, तर मी एमजीबीच सुचवीन, पाऊस गृहीत धरून. एकच जण चालवणार असेल, तर टस्कनी घ्यावी आणि एका शेतघरात मुक्काम ठेवून रोज नवी फेरी मारावी. यांत्रिक कटकट नको पण उघडे आकाश हवे, अशांनी सरळ नवी माझदा एमएक्स-५ घ्यावी.

गाडी ठरवताना दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालून घ्यावे, विम्यात स्वतःच्या खिशातून किती भरावे लागेल ते लेखी विचारावे, आणि वयाची अट पाहावी, कारण पंचविशीच्या आतल्यांना जुनी गाडी सहसा मिळत नाही. ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे, म्हणून तिथे जुन्या गाडीत ई५ चे (जास्तीत जास्त पाच टक्के इथेनॉलचे) महाग पेट्रोल भरावे; इटलीत पंपावर स्वतः भरण्याचा आणि भरून घेण्याचा दर वेगळा असतो, त्यातला पहिला स्वस्त. सामान मऊ पिशव्यांतच न्यावे. एमजीबीच्या डिकीत तळाला जादा चाक आडवे पडलेले असते आणि चाकांची कडक बॅग त्यावर बसत नाही.