जामीनपात्र गुन्हा, आणि माझे ३८,५०० रुपये गेले

पोलीस ठाण्याच्या दारात मी ३८,५०० रुपयांना फसले. चार महिने कुणाला बोलले नाही, लाज वाटत होती. पण ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज कुणाची तरी बहीण, कुणाची तरी आई बसलेली असते, म्हणून लिहितेय.

धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. वळणावर धडक बसून मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. शुक्रवारी संध्याकाळी भावाला अटक झाली. भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १२५(ब) (त्यातून गंभीर दुखापत), दोन्ही जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळणारा. आज पाठ आहेत. त्या दिवशी कागद हातात असूनही कळलं नाही.

टपरीवर एक जण जवळ आला. काखेत फायली, ठाण्यात बिनधास्त ये-जा. "ताई, उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. आज काम झालं नाही तर पोरगा सोमवारपर्यंत आत." वकिलाचे ६,०००, वरखर्चाचे ७,५०० आणि कोर्टात डिपॉझिट २५,०००, निकालानंतर परत. सगळं रोख. वहिनीने कानातली सराफाकडे ठेवली. पावती म्हणून डायरीचं फाडलेलं पान मिळालं, वर छापील तारीख १७ फेब्रुवारी. आम्ही होतो ऑगस्टमध्ये. खाली निळा गोल शिक्का, अक्षरं फासलेली.

तिथेच ओळखायला हवं होतं. रात्रीचे आठ वाजले होते! कोर्टाला कधीच कुलूप लागलेलं, मग डिपॉझिट भरलं कुठे? साडेनऊला भाऊ सुटला तो ठाण्यातूनच, आणि बाँडवर जामीनदार म्हणून सही माझीच. कोर्टाचा संबंधच आला नाही. सगळं डोळ्यांसमोर घडलं आणि मी त्या माणसाला हात जोडत होते.

शिकलेली असून फसलीस कशी, असं विचारतात. घरी आई जेवत नाही, आत भाऊ रडतोय, अशा वेळी कलमं कोण वाचतं?

अहो, वाचून दाखवायचं काम पोलिसांचं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक-जामिनाचे नियम याच कायद्यात आहेत) कलम ४७ सांगतं की, जामीनपात्र गुन्ह्यात विनावॉरंट अटक केली तर 'तुला जामिनाचा हक्क आहे, जामीनदार बोलव' हे पोलिसांनीच सांगायचं. कलम ४७८ प्रमाणे हा जामीन हक्काचा, ठाण्यातच मिळणारा. एकानेही तोंड उघडलं नाही. तक्रार द्यायला गेले तर हवालदार म्हणाले, "तुम्ही स्वखुशीने दिलेत ना?" वरच्या कार्यालयात अर्ज घेतला, पोच द्यायला तीन खेपा घालायला लावल्या. तिथून परत त्याच ठाण्यात पाठवलं! ज्यांच्या दारात लुटले गेले, त्यांच्याकडेच चौकशी.

कलम कोणतं आणि ते जामीनपात्र आहे का, हे आधी ड्युटीवरच्या अधिकाऱ्यालाच विचारा, टपरीवर नाही. कोर्टात खरोखर रोख भरली तर छापील पावती मिळते. जामीनदार मिळत नाही, ऐपत नाही? जामीनपात्र गुन्ह्यात जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायची तरतूद आहे; अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही तर माणूस निर्धनच धरायचा, असं त्याच ४७८ मध्ये लिहिलंय. आणि अटकेतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. हा नंबर मला त्या रात्री कुणी दिला असता तर!

त्या माणसाचा मोबाईल बंद आहे. डायरीचं पान मी अर्जाला जोडलंय, झेरॉक्स. मूळ पान कुणालाही देणार नाही. वहिनीची कानातली अजून सराफाकडेच आहेत.