सोर्समधून (मूळ कोडवरून) प्रोग्राम कंपाइल करायला डेबियन (लिनक्सचा एक डिस्ट्रो, म्हणजे प्रकार), आठ महिने वापरून झाल्यावर (नागपूरच्या उन्हाळ्यासकट)

परवा रात्री कंपाइल चालू असतानाच लॅपटॉप धपकन बंद पडला. सीताबर्डीतल्या एका दुकानात दाखवला तर मदरबोर्ड गेला, साडेसात हजार लागतील म्हणे, आणि नुसतं बघायचे तीनशे घेतले ते वेगळेच. घरी येऊन मागचं झाकण काढलं तर पंख्याच्या जाळीत धुळीचा गोधडीसारखा थर आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. अडीचशेची पेस्ट लावली, चालू झाला. अजून राग जात नाहीये.

मशीन जुनं, चार कोअर, ८ जीबी रॅम. काम एकच, इंकस्केप (चित्रं काढायचा प्रोग्राम) याचा ताजा कोड गिटवरून घेऊन बिल्ड करायचा, म्हणजे कंपाइल करून चालणारा प्रोग्राम बनवायचा. सोर्स म्हटलं की सगळे जेंटू (जवळपास सगळं आपल्याच मशीनवर कंपाइल करणारा डिस्ट्रो) सांगतात म्हणून गेल्या मे महिन्यात तेच टाकलं होतं. शिकायला खूप मिळालं, यूज फ्लॅग (प्रोग्राममधल्या कोणत्या सोयी हव्या-नको ते ठरवणारे पर्याय) काय असतात ते तिथेच समजलं. पण बाहेर ४५ डिग्री, मला हवं एक इंकस्केप आणि इथे अख्खी सिस्टीम कंपाइल होऊन राहिली! प्रोसेसर ९७ डिग्रीवर गेला की स्वतःच स्पीड कमी करायचा, मग तेच काम दुप्पट वेळ. वीजबिल आलं तेव्हा बाबांनी विचारलं, रात्रभर हे काय चालू असतं रे? डिसेंबर २०२३ पासून जेंटूच्या तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम) पण मिळतात, पण त्याच घ्यायच्या तर मग डेबियन काय वाईट.

जूनमध्ये डेबियन १२ टाकलं. आणि भाऊ, एपीटी बिल्ड-डेप! एखादा प्रोग्राम कंपाइल करायला लागणारं सगळं एका कमांडमध्ये बसवून देतं. सोर्सच्या यादीत डेब-एसआरसी (मूळ कोडच्या पॅकेजची ओळ) चालू करा, अपडेट मारा, मग सुडो एपीटी बिल्ड-डेप इंकस्केप, बस. आधी सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) एका हेडरसाठी (लायब्ररीची कोडला लागणारी फाइल) अडकायचं, मी ती फाइल असलेलं डेव्ह पॅकेज शोधायचो, परत चालवायचो, परत दुसरीकडे अडकायचं, माझे किती रविवार यात गेलेत. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोत असंच डीएनएफ बिल्डडेप आहे, तेही चांगलं. पण ही सोय नसेल तर बाकी कितीही गुण असू देत, मी तो डिस्ट्रो घेणार नाही.

मध्ये मात्र माझं मत फिरलं होतं. बिल्ड-डेप बघतो डेबियन १२ मधल्या इंकस्केप १.२.२ च्या गरजा, आणि गिटवरच्या कोडला हव्या नव्या लायब्ररी. सोडणारच होतो, तेवढ्यात मित्राने डिस्ट्रोबॉक्स (एका डिस्ट्रोच्या आत दुसरा डिस्ट्रो वेगळ्या कप्प्यात चालवायचं टूल) सांगितलं. त्यात डेबियन टेस्टिंगचा (डेबियनची नव्या लायब्ररी असलेली पुढची आवृत्ती) कंटेनर, म्हणजे कप्पा, केला, सगळं त्याच्या आत, खालची सिस्टीम जशीच्या तशी. आता हलत नाही इथून.

८ जीबीवाल्यांनी मेकला (बिल्ड चालवणारी कमांड) जे८, म्हणजे एकाच वेळी आठ कामं, देऊ नका. सीसी१प्लस (कंपायलर) किल्ड असं आलं की कोडमध्ये चूक शोधत बसू नका, रॅम संपलेली असते. मी जे३ वर चालवतो, सोबत झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाढवतं). आणि सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवून परत वापरतं) टाकाच, माझा पहिला बिल्ड सव्वा तास, ब्रँच बदलून परत केला तर नऊ मिनिटं.

नवी पेस्ट लावल्यापासून पूर्ण बिल्डमध्ये पारा ७८ डिग्रीच्या वर गेला नाही. आज रात्री जे४ लावून बघतो.