तीन वर्षांचं बीए की चौथं वर्ष संशोधनाचं?
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बीएला दोन वाटा आहेत: तीन वर्षांत किमान १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) पदवी, किंवा चार वर्षांत किमान १६० क्रेडिटची ऑनर्स पदवी. तीन वर्षांत विषय कळू लागतो, वाचनाची सवय लागते. स्पर्धा परीक्षेकडे किंवा बीएडकडे वळणाऱ्याला तेवढं पुरतं.

चौथ्या वर्षाचा हेतूच वेगळा. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येते. त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. समाजशास्त्राची विद्यार्थिनी ऊसतोड कुटुंबांशी तासन्‌तास बोलते, नोंदी ठेवते, आणि आपलंच गृहीतक चुकलेलं तिला दिसतं. हे शिक्षण मला फार मोलाचं वाटतं. पुढे एमएही एका वर्षात होतं.

घरी ओढाताण असेल तर मात्र तीन वर्षांनी कमावायला लागावं. नंतर एमएही करता येतं, दोन वर्षांचं.