एपिस्कोपल पॅरिशमध्ये पहिली सेवा कोणती घ्यावी: ऑल्टर गिल्ड, वाचन, पेला की व्हेस्ट्री?

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळीत वाढलेल्या कुटुंबाला अमेरिकेतले एपिस्कोपल चर्च परके वाटत नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेली आपली संयुक्त मंडळी आणि एपिस्कोपल चर्च दोन्ही अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे अँग्लिकन चर्चेसच्या जागतिक परिवारात, आहेत. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा तिथे मान्य असतो, तो पुन्हा घ्यावा लागत नाही. मूळ मंडळीच्या पाळकसाहेबांकडून ट्रान्स्फर लेटर मात्र घेऊन जा आणि त्यावर बाप्तिस्मा व दृढीकरणाच्या तारखा लिहून घ्या. पुढे पेला देण्याच्या परवान्यासाठी किंवा व्हेस्ट्रीच्या, म्हणजे निवडून आलेल्या कारभारी समितीच्या, उमेदवारीसाठी त्या विचारल्या जातात आणि तेव्हा अमेरिकेतून पत्रव्यवहार करणे फार वेळखाऊ होते.

खरा प्रश्न थोड्या दिवसांनी येतो. उपासनेनंतर कॉफीच्या वेळी कोणीतरी प्रेमाने विचारते, ‘तुम्हाला कशात भाग घ्यायला आवडेल?’ अशा वेळी बहुतेक जण आपल्याला काय जमते याचा विचार करतात. आमच्या मते आधी तुमचा मोकळा वेळ कोणता आहे ते पाहावे: शनिवारचा, रविवारचा, की आठवड्यातल्या संध्याकाळचा. कौशल्य शिकवले जाते. शनिवारी मुलांचे क्लास असतील तर तो शनिवार पॅरिश, म्हणजे तिथली स्थानिक मंडळी, तुम्हाला देऊ शकत नाही.

ऑल्टर गिल्ड आणि वाचन

नव्या माणसाने पहिल्या वर्षी या दोनांपैकी एक घ्यावे. दोन्हींना बिशपचा परवाना लागत नाही, दोन्ही पाळीपाळीने येतात, आणि उपासनेचा क्रम आतून कळतो.

ऑल्टर गिल्ड म्हणजे वेदीची तयारी करणारा गट; त्याचे काम रिकाम्या चर्चमध्ये चालते. दोघा-चौघांची टीम शनिवारी येते, वेदीवरचे कापड तपासते, प्रभुभोजनाचा पेला, पॅटन (भाकरीची थाळी) आणि वाइन-पाण्याचे क्रूएट (छोट्या सुरया) मांडते, चर्च-वर्षातल्या हंगामाच्या रंगाचे कापड लावते, मेणबत्त्या पाहते. रविवारी उपासना संपल्यावर तीच टीम भांडी धुते आणि लिनन घरी नेते. लिननची पद्धत पक्की आहे. पेला पुसलेला प्युरिफिकेटर, म्हणजे छोटा रुमाल, आधी साध्या पाण्यात खळबळायचा आणि ते पाणी पिसिनामध्ये, म्हणजे थेट जमिनीत जाणाऱ्या कुंडीत, किंवा बाहेर मातीवर ओतायचे. गटारात नाही. मग डाग काढायचे, तेही थंड पाण्याने, कारण गरम पाण्याने वाइनचा डाग पक्का होतो. ब्लीचने लिननचे धागे कमजोर होतात. मेण सांडले असेल तर कापड फ्रीझरमध्ये ठेवून मेण खरवडायचे, उरलेले टिपकागदात धरून इस्त्रीने ओढून घ्यायचे. इस्त्री कापड ओलसर असतानाच करायची, भरतकामावर उलट बाजूने. कॉर्पोरलची, म्हणजे पेला-पॅटनखाली अंथरायच्या चौकोनी कापडाची, घडी आडवी तीन भागांत, उभी तीन भागांत, सगळी आतल्या बाजूला, म्हणजे नऊ चौकोन पडतात आणि भाकरीचे कण आतच राहतात.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे वाइन जास्त काढणे. पेल्यातून एकेक छोटा घोट घेणाऱ्या शंभर जणांना 750 मिलीची एक बाटली पुरते. भाकर वाइनमध्ये बुडवून घेणारे बरेच असतील तर त्याहून पुष्कळ कमी लागते. प्रार्थनेने पवित्र केलेली वाइन बाटलीत परत ओतता येत नाही. 1979च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे आजाऱ्यांसाठी राखून ठेवायची नसेल तर ती आदराने पिऊन संपवायची असते, आणि सेवा करणाऱ्या दोघा-तिघांना सकाळी अकरा वाजता पोर्टसारखी कडक वाइन पेलाभर प्यावी लागते. उलट वाइन कमी पडली तर पाळक वेदीपाशी जाऊन आणखी अर्पून घेऊ शकतात, त्यासाठी छोटी प्रार्थना पुस्तकातच आहे. म्हणून हात आखडताच ठेवा.

गिल्डचा ताण सारखा नसतो. उन्हाळ्यात हिरवा रंग महिनोन्‌महिने तसाच असतो. पेंटेकॉस्टला लाल, पुढच्या रविवारी त्रैक्याचा पांढरा आणि त्यानंतर हिरवा, असे लागोपाठ बदल येतात. पवित्र आठवड्यात तर सगळ्या टीम एकदम लागतात: गुरुवारी रात्री वेदी उघडी करायची, शुक्रवारी ती तशीच ठेवायची, शनिवारी पुनरुत्थानाच्या जागरणासाठी सगळे पुन्हा सजवायचे. मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही दरवर्षी भारतात येत असाल तर हे गिल्डच्या प्रमुखांना पहिल्याच दिवशी सांगा.

वाचकाचे काम रविवारचे आणि लोकांसमोरचे. जुन्या करारातला पाठ आणि पत्रातला पाठ सभासद वाचतात, शुभवर्तमान डीकन किंवा पाळक वाचतात. तयारीला आठवड्यात अर्धा तास पुरतो, पण तो शनिवारी रात्री काढू नये. बहुतेक पॅरिश तीन वर्षांच्या चक्राचे रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी, म्हणजे रविवारच्या पाठांचे ठरलेले वेळापत्रक, वापरतात. चक्र अ, ब, क आहे हे सगळे पाहतात; पेंटेकॉस्टनंतरच्या रविवारांत जुन्या कराराच्या पाठाचे दोन ट्रॅक असतात हे विसरतात. एका ट्रॅकमध्ये ग्रंथ सलग पुढे जातो, दुसऱ्यात पाठ शुभवर्तमानाशी जुळवलेला असतो. इंटरनेटवरून भलत्याच ट्रॅकचा पाठ तयार करून येणे ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे. आपली पॅरिश कोणता ट्रॅक घेते ते ऑफिसला विचारा आणि चर्चच्या छापील पत्रकावरूनच सराव करा.

मराठी माणसाला उच्चाराची काळजी वाटते. उच्चारामुळे क्वचितच अडते, अडते ते वेगामुळे. दगडी, उंच छताच्या इमारतीत आवाज घुमतो. विरामचिन्हावर पूर्ण थांबले नाही तर मागच्या बाकांवर काहीच पोहोचत नाही. नावांचा सराव वेगळा करावा लागतो, कारण आपल्या कानात मराठी बायबलमधली रूपे बसलेली असतात. पेंटेकॉस्टच्या प्रेषितांची कृत्ये 2 मधली प्रांतांची यादी ही त्याची खरी कसोटी. त्याच दिवशी पुष्कळ पॅरिशमध्ये हा पाठ अनेक भाषांतून वाचतात. तिथे मराठी वाचनाची तयारी आपणहून दाखवा, आनंदाने स्वीकारतील.

दोन्हींत फरक एवढाच: गिल्डची चूक शनिवारी रात्री दुरुस्त करता येते, वाचनाची माइकवर होते. ज्यांना एकांत आणि हाताचे काम आवडते त्यांनी गिल्ड घ्यावे. पॅरिशमध्ये लवकर ओळखी व्हाव्यात असे वाटत असेल तर वाचन घ्या, कारण वाचणाऱ्याचे नाव आठवडाभरात सगळ्यांना माहीत होते.

पेला देणे आणि आजाऱ्यांना भेटणे

हे दोन परवाने वेगळे आहेत, जरी प्रशिक्षण अनेक ठिकाणी एकत्र होते. पाळक शिफारस करतात, बिशप मुदतीचा परवाना देतात.

उपासनेत पेला देताना हात एकच क्रिया करत राहतो: पेला वाकवायचा, घेणाऱ्याला तळाशी धरू द्यायचे, कड आतून-बाहेरून पुसायची, पेला थोडा फिरवायचा, पुढच्या माणसाकडे जायचे. पेला काठोकाठ भरला की सांडतो, अर्ध्याच्या खाली ठेवला की सोपे जाते. ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी वेगळा पेला असावा, कारण भाकर बुडवून घेणाऱ्यांचे कण मुख्य पेल्यात पडतात.

युकेरिस्टिक व्हिजिटर रविवारच्या उपासनेतून अर्पिलेली भाकर आणि वाइन घेऊन आजारी किंवा घराबाहेर न पडू शकणाऱ्या सभासदांकडे जातो. बरोबर छोटी डबी, कुपी, स्वच्छ प्युरिफिकेटर आणि प्रार्थनेचे पत्रक. शक्यतो दोघांनी जावे. हॉस्पिटलमध्ये नर्सला आधी विचारायचे की रुग्णाला तोंडाने काही देणे चालेल का. वीस-पंचवीस मिनिटांत उठायचे. रुग्णाचा आजार कोणालाही सांगायचा नाही, प्रार्थनेच्या यादीतही परवानगीशिवाय नाव घालायचे नाही. आपल्याकडे मंडळीत बातमी मायेने पसरते, तिथे तो विश्वासभंग ठरतो. सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि पार्श्वभूमी तपासणी आधी पूर्ण करावी लागते, त्याला काही आठवडे लागतात.

रविवारी दुपार मोकळी असेल आणि वृद्धांशी बोलणे जमत असेल, तर दुसऱ्या वर्षापासून या सेवेइतकी मोलाची सेवा पॅरिशमध्ये दुसरी नाही. अमेरिकेतले एकटे राहणारे म्हातारे सभासद आठवडाभर या भेटीची वाट पाहतात.

व्हेस्ट्री

इथे मात्र घाई करू नका. व्हेस्ट्री आपल्या पास्टोरेट कमिटीसारखी दिसते, पण तिचे वजन वेगळे आहे. आपल्याकडे पाळकांच्या बदल्या डायोसिस करते. एपिस्कोपल पॅरिशमध्ये रेक्टर, म्हणजे प्रमुख पाळक, गेले की नव्या रेक्टरची निवड व्हेस्ट्री करते, बिशपशी सल्लामसलत करून, आणि त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. एकदा आलेल्या रेक्टरना व्हेस्ट्री आपल्या मताने काढू शकत नाही. त्याची प्रक्रिया बिशपमार्फत होते. उपासना हा रेक्टरचा अधिकार, मालमत्ता आणि पैसा ही व्हेस्ट्रीची जबाबदारी. बहुतेक भांडणे या रेषेवरच होतात, म्हणून ती आधी समजून घ्या. डायोसिसच्या आधारावर चालणाऱ्या मिशनमध्ये चित्र निराळे असते, तिथे पाळक बिशप नेमतात.

मुदत सहसा तीन वर्षांची, महिन्याला एक सभा, शिवाय छत गळले किंवा बॉयलर बंद पडला की मधल्या सभा. वार्षिक अहवाल 1 मार्चपर्यंत, लेखापरीक्षण 1 सप्टेंबरपर्यंत द्यावे लागते. बजेट सभासदांनी शरद ऋतूत लिहून दिलेल्या वर्षाच्या देणगीच्या वचनांवर उभे असते आणि व्हेस्ट्रीच्या सभासदाने आपले वचन सर्वांआधी द्यावे अशी अपेक्षा असते. उभे राहण्याआधी मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद वाचा. देणगीनिधीतून दरवर्षी किती रक्कम काढली जाते हा आकडा वाढत असेल, तर तुमची तीन वर्षे खर्च कापण्यात जाणार आहेत. पॅरिशमध्ये दोन वर्षे काढल्याशिवाय हे आकडे कळत नाहीत, आणि माणसेही.

गायकवृंद आणि अन्नवाटप

गायकवृंदाला आठवड्यातली एक संध्याकाळ आणि रविवारी उपासनेआधी तास लागतो. 1982च्या हिम्नलमधली (गीतपुस्तकातली) गीते चार स्वरांत गातात. स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी) येत नसेल तर पहिले काही महिने शेजारच्या आवाजाला धरून गावे लागते, आणि ते जमते.

अन्नवाटपाला सभासदत्वही लागत नाही. न्यूयॉर्कच्या चर्च ऑफ द होली अपॉस्टल्समध्ये 1982 पासून गरम जेवण दिले जाते. साध्या पॅरिशमध्ये महिन्यातून एक-दोनदा शिधावाटप असते. सभासद होण्याआधीच सुरुवात करायची असेल तर इथून करा. एक खबरदारी: या सेवा बिनपगारी असतात, पण पाळणाघर सांभाळणारे किंवा गायकवृंदातले सेक्शन लीडर (एकेका आवाजाच्या गटाचे प्रमुख गायक) यांना काही पॅरिश मानधन देतात. ज्यांच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी नाही त्यांनी अशी मानधनाची जागा घेऊ नये, आणि कोणी आपुलकीने चेक पुढे केला तर तिथेच नम्रपणे नाही म्हणावे.